पाल माझ्यात नव्हती

मी जुना आहे, जाड बुडाचा आहे आणि मनात धरून ठेवणारा आहे. दुकानात मला इडलीपात्र म्हणून विकतात; आमच्याकडे मला सरळ इडलीचा टोप म्हणतात, आणि मलाही तेच बरं वाटतं. मित्रांनो, तुम्ही शाळेत छत्रीचं, दप्तराचं, फळ्याचं मनोगत वाचलं असेल. ती सगळी मंडळी शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी तसा नाही. माझ्यावर एकदा खोटा आळ आला. तो कोणी घातला ते मी पाहिलं होतं, कसा घातला तेही पाहिलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. त्या रागाची ही गोष्ट आहे.

माझा जन्म कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. जाड अॅल्युमिनियमचं अंग, दोन्ही बाजूंना कान, वर घट्ट बसणारं झाकण आणि पोटात एकावर एक बसणाऱ्या ताटल्या. प्रत्येक ताटलीला छोट्या वाट्यांसारखे खळगे. मला विकत घेतलं ते गिरिजाक्काने. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट ज्याच्या हुकमाने चालते तो माणूस. कामासाठी तो हर्णै बंदरात आला, गिरिजाक्काने शेजारच्या आंजर्ले गावात भाड्याने खोली घेतली, आणि तिच्या सामानात बांधलेला मीही आलो.

त्याच बोटीवर रामा खलाशी होता. त्याची बायको सगुणा. दोन्ही नवरे समुद्रावर असले की दोन्ही बायका एकमेकींच्या पडवीत बसत. गिरिजाक्काला मराठी धड येत नव्हतं, सगुणाला कानडी अजिबात येत नव्हतं. पण चुलीपुढे दोघींचं बरं जमायचं. तिथेच सगुणा माझ्यात रव्याच्या इडल्या करायला शिकली.

तांदूळ-डाळ भिजत घाला, वाटा, रात्रभर फुगू द्या, ते या इडलीला लागत नाही. रवा तुपावर भाजायचा, पण त्याला रंग येऊ द्यायचा नाही; नुसता वास सुटला की उतरवायचा. मोहरी, डाळी, कढीपत्ता, आलं, मिरची यांची फोडणी त्यात घालायची. मग दही घालून भिजवून ठेवायचं आणि धीर धरायचा. सगुणाला धीर नव्हता. ती सारखं भांडं उघडून बघायची आणि गिरिजाक्का तिच्या हातावर चापट मारायची. सोडा अगदी शेवटी. फेस आला की ढवळत बसायचं नाही, भराभर खळग्यांत ओतायचं. आणि मी तोवर आतून खदखदत, वाफ धरून तयार असायला हवं. झाकण उघडलं की पांढऱ्या, मऊ, लुसलुशीत इडल्या, मध्येच एखादा हिरवा कढीपत्ता, आणि प्रत्येकीच्या टाळूवर काजूचा तुकडा. पहिल्यांदा तशा जमल्या त्या दिवशी सगुणाने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून खायला घातल्या आणि स्वतःला एकही ठेवली नाही.

गिरिजाक्का गावी परत निघाली तेव्हा तिने मला सगुणाच्या हातात दिलं. देण्याआधी नाव घालणाऱ्याकडे नेऊन माझ्या कानाखाली ठिपक्याठिपक्यांनी 'सगुणा' असं कोरून घेतलं. नाव कोरताना टोचतं, मित्रांनो. पण ते टोचणं मला आवडलं होतं. मी आता कोणाचातरी होतो.

पुढे रामाचा उजवा हात बोटीवर दोराच्या यंत्रात सापडला. हात राहिला, पण बोटांतली ताकद गेली आणि समुद्र सुटला. रामाची धाकटी बहीण बकुळा खेडला राहायची. एस.टी. डेपोकडून स्टेशनला जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर, घराला रस्त्याकडे तोंड करून लांब ओटा. तिचा नवरा मुंबईला कामाला. घर मोकळंच होतं. तिने भावाला निरोप धाडला की इकडे या, ओट्यावर काहीतरी सुरू करा, मलाही सोबत होईल. हे मी मुद्दाम सांगतो. ती बाई जन्मतः वाईट होती असं मी म्हणत नाही. तिने आम्हाला घरात घेतलं होतं.

खेडच्या त्या ओट्यावर माझे सुखाचे दिवस गेले. पहाटेच्या गाड्यांचे चालक, वाहक, स्टेशनवर जाणारी माणसं, कॉलेजची पोरं, सगळी आमच्यापुढे उभी. दाजी नावाचे एक निवृत्त वाहक होते. ते रोज यायचे, ओट्याच्या कोपऱ्यावर बसायचे आणि पहिली ताटली उतरली की पहिली इडली त्यांचीच. सगुणा ओल्या चमच्याने ती अलगद सोडवायची, नारळाची चटणी घालायची. दाजी डेपोत जाऊन सांगायचे की अशी इडली उडपी हॉटेलातसुद्धा मिळत नाही. लोक पत्ता विचारताना बकुळाच्या घराचा विचारत नसत. 'सगुणाची इडली कुठे?' असं विचारत.

बकुळाला तेच लागलं. घर तिचं, ओटा तिचा, आणि नाव वहिनीचं. आधी ती हसून पत्ता सांगायची, मग हसणं बंद झालं. सगुणाने स्टेशनजवळ एक छोटा गाळा बघून ठेवला आहे हे तिला कळलं, त्या दिवसापासून तिने वहिनीशी बोलणंच कमी केलं. सगुणाच्या मनात काही नव्हतं. ओट्यावर गर्दी मावत नाही एवढंच तिचं म्हणणं होतं. पण बकुळाच्या मनाने घेतलं की ही माझ्या जिवावर मोठी झाली आणि आता मला टाकून चालली.

त्या सकाळी गर्दी दाटलेली होती. मी विस्तवावर होतो, ताटल्या भरलेल्या होत्या, शिजत आल्या होत्या. कढीपत्ता संपला म्हणून सगुणा परसात गेली. रामा रस्त्याकडे तोंड करून चहा ओतत होता, माणसं कप घ्यायला त्याच्याकडे वळलेली होती. बकुळा आतून आली. तिने माझं झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली, तिने डोळे मिटून घेतले. पदराच्या टोकात काहीतरी बांधलेलं होतं ते तिने सोडलं आणि माझ्या वरच्या ताटलीत टाकलं. सुकलेली, मेलेली पाल. झाकण परत ठेवून ती आत निघून गेली.

मित्रांनो, मी ओरडलो असतो. माझ्याकडे ओरडायला नुसतं झाकणाचं भोक होतं, आणि त्यातून वाफ येते.

सगुणा परत आली, तिने झाकण काढलं आणि तिच्याआधी बकुळाच पुढे झाली. "अगो बाई, ही पाल बघा," असं ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यापलीकडची माणसं वळली. दाजींच्या तोंडात आधीच्या ताटलीतली इडली होती. त्यांनी ती तिथेच थुंकली. कोणी पोट धरलं, कोणी शिव्या दिल्या, एकाने फोनवर फोटो काढला. सगुणा एकच म्हणत होती की मी ताटल्या भरल्या तेव्हा काही नव्हतं. पण पाल तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दुपारपर्यंत ती बातमी डेपोभर झाली. दाजींनीच केली. जे तोंड कौतुक करायचं तेच तोंड. मी दाजींनाही विसरलो नाही.

सगळ्यात खोल लागलं ते रामाचं. रागावला नाही तो, उलट समजुतीने बोलला. कौलातून पडली असेल, तुझं लक्ष नसेल, होतं असं कधीकधी, असं तो म्हणाला. सगुणाने त्याच्याकडे बघितलं आणि ती सामान बांधायला लागली. लहानग्या मुलीला घेऊन दोघं आंजर्ल्याला परत गेली. जाताना तिने मला मागितलं, तेव्हा बकुळा म्हणाली की पालीचं भांडं घेऊन काय करणार, राहू दे इथेच, टाकून देईन. तिने मला टाकलं नाही. सगुणा गेली त्याच दिवशी परसात बसून तिने चिऱ्याचा एक तुकडा घेतला आणि माझ्या कानाखालचं नाव घासायला सुरुवात केली. घराच्या भिंतीला लावतात तो तांबडा चिरा खरखरीत असतो. नाव जाईपर्यंत ती घासत राहिली. मग थोड्याच दिवसांत ओट्यावर फळी लागली, 'बकुळाची रवा इडली', आणि विचारणाऱ्यांना ती सांगायची की टोप नवीन घेतलाय.

इथून पुढची वर्षं मी तिच्या विस्तवावर काढली. शत्रूच्या घरी राबणं काय असतं ते मला विचारा. मला वाटायचं, हिच्या इडल्या फुगूच नयेत. मी तसं काही करू शकत नव्हतो, भांड्याच्या हातात काही नसतं, पण मला ते करावं लागलंही नाही. ती घाईची होती. रवा मुरू द्यायची नाही, सोडा आधीच घालून ठेवायची, मला वाफ येण्याआधीच ताटल्या आत ढकलायची. इडल्या चपट्या व्हायच्या, कडेने पिवळट. तरी लोक खायचे, कारण रस्त्यावर दुसरं काही नव्हतं. कधी पाणी संपून माझं बूड कोरडं तापायचं, काळं पडायचं. ते काळं ती तारेने ओरबाडायची. माझा एक कान सैल झाला, झाकणाची कड वाकली. रोज सकाळी ती झाकण उघडायची तेव्हा मी तिचा चेहरा बघायचो. तिचे डोळे दरवेळी आधी वरच्या ताटलीकडे जायचे. ते बघून मला बरं वाटायचं.

सगुणाचं तिकडे काय झालं ते मला नंतर, ती मला घासताना माझ्याशी बोलायची त्यातून कळलं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला माणसं येतात, घरोघरी पाहुणे उतरतात, नाश्ता करून द्यायला बायका लागतात. सगुणाला कोणी बोलावलं नाही. खेडची बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती. तिचं नाव निघालं की कोणीतरी पालीची आठवण काढायचं. तिची मुलगी वेदिका शाळेतून रडत यायची, कारण पोरं तिला 'पालवालीची' म्हणायची. सगुणा मासळी सुकवायला, आंब्याच्या पेट्या भरायला जायची. चुलीजवळ तिला कोणी येऊ देत नसे.

शेवटी गावात एका लग्नाच्या हळदीचा नाश्ता होता. बायका रवा भाजत होत्या, भाजता भाजता तो लाल झाला. सगुणाला राहवलं नाही. तिने झारा हातात घेतला. तर एका बाईने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, तू बस गो, तू कशाला. बकुळा पाहुणी म्हणून आली होती, समोर पाटावर बसली होती. तिने ते बघितलं आणि मान खाली घालून हातातल्या कपातला चहा पीत राहिली. सगुणा मला नंतर म्हणाली, "टोपा, ती हसली असती तर मी सोडून दिलं असतं. तिनं चहा प्यायलान." नजर चुकवणाऱ्या बकुळाकडे बघून त्याच क्षणी तिला खात्री पटली. पाल कौलातून पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगुणाने आंजर्ल्याच्या आपल्या घराच्या भिंतीमागून एक मेलेली पाल शोधली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पुडी कमरेला खोचली आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने खेडला आली. घरी कोणाला सांगितलं नाही.

ओट्यावर माणसं होती. दाजी कोपऱ्यावर होते, आता बकुळाची इडली खात. सगुणा पायऱ्या चढून सरळ माझ्यापाशी आली. तिने आधी माझ्या कानाखाली, जिथे नाव होतं, तिथे तळवा ठेवला. मी तापलेला होतो, तिचा हात भाजला असणार, तरी तिने तो लगेच काढला नाही. मग माझं झाकण उचललं. बकुळा आतून चटणी घेऊन येत होती. तिला दिसलं की वहिनी टोपाशी उभी आहे, एका हातात झाकण, दुसऱ्या हातात उलगडलेली पुडी. पुडीत काय आहे ते तिला आणि मलाच दिसत होतं.

मित्रांनो, इथे मी खरं सांगतो. ती पाल पडली असती तर माझ्याच पोटात पडली असती. पुन्हा माझंच नाव खराब झालं असतं. मला ते चालणार होतं. बकुळाचं तोंड काळं होणार असेल तर मी दहादा विटाळायला तयार होतो. एवढा राग मी धरला होता.

बकुळाच्या हातातलं चटणीचं भांडं कलंडलं. ती अगदी हळू म्हणाली, "वहिनी, नको."

"का? तुझ्या टोपातून निघाली तर काय होतंय?"

"लोक बघतायत."

"तेव्हा पण बघत होते," सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तेव्हा काय झालेलं ते सांग. नाहीतर मी टाकते."

बकुळाने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा दाजींकडे. मग ओठातल्या ओठात काहीतरी बोलली.

"ऐकू येत नाय," सगुणा म्हणाली. "तेव्हा कशी रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेलेलीस."

आणि बकुळाने सांगितलं. ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "टोपात पाल नव्हती. वहिनीच्या इडलीत काही नव्हतं. मी टाकलेली. माझ्या पदरात होती, मी टाकली."

दाजी घास हातात धरून बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कधीची गोष्ट म्हणून विचारलं, जणू त्यांना आठवतच नव्हती. बकुळाने तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. गाळ्याचं, नावाचं, फळीचं, चिऱ्याने घासल्याचं, सगळं ती सांगत गेली. सांगताना रडत होती. सगुणा रडत नव्हती.

मला वाटलं, आता तरी टाक. एवढं ऐकूनही माझं समाधान झालं नव्हतं. पुडी अजून माझ्यावर होती. मग तिने पुडी बंद केली आणि रस्त्यावर भिरकावली. एका कावळ्याने ती लगेच उचलली.

तिने ताटल्या बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या आणि इडल्या परातीत सोडवल्या. चांगल्या आहेत, खा, असं ती लोकांना म्हणाली, पण कोणी हात लावला नाही. माझ्यातलं उकळतं पाणी तिने गटारात ओतलं, ताटल्या परत आत घातल्या, पदराने धरून मला कमरेवर घेतलं आणि पायऱ्या उतरली. लहान मूल घेतात तसं. बकुळाने अडवलं नाही.

घरी रामाने सगळं ऐकलं. बकुळा त्याची एकुलती बहीण. मग तो सगुणाला काहीतरी म्हणायला लागला, मी तुझ्यावर विश्वास, एवढंच म्हणाला, तोच सगुणा बोलली, "काय बोलू नका. टोप घासा." त्याने राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि त्याच्या दुखऱ्या हाताने दुपारभर मला घासलं. बूड पांढरं होईपर्यंत थांबला नाही. मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं. सगुणाला त्याहून जास्त वेळ लागला.

आंजर्ल्यात त्या दिवसानंतर तिला बोलावणी येऊ लागली. ज्या बाईने झारा काढून घेतला होता तीच दारात येऊन उभी राहिली, पाहुणे आले आहेत, नाश्त्याला येतेस का म्हणून. सगुणाने नाही म्हटलं. तिला खेडला जायचं होतं. तिला लोकांना इडल्या खायला घालायच्या होत्याच, पण त्याहून जास्त बकुळाला त्या दाखवायच्या होत्या. रामाला आणि वेदिकाला घेऊन ती खेडला भाड्याच्या खोलीत आली. स्टेशनजवळ तिला हातगाडी लावायला जागा मिळत होती. तिने ती सोडली आणि आपली हातगाडी बकुळाच्या ओट्यासमोर, रस्त्याच्या अगदी पलीकडे लावली. मला शेगडीवर अशा बाजूने ठेवलं की झाकण उघडलं की वाफ त्या ओट्याकडे जावी.

मला हे फार आवडलं. रोज सकाळी इकडे रांग, तिकडे रिकामा ओटा. बकुळाने दुसरा टोप आणून आठवडाभर इडल्या केल्या, मग बंद केल्या, मग फळी उतरवली. खिडकी लावून घेऊ लागली, तरी वास तर जायचाच. जे नाव सगुणाने भोगलं ते आता तिला लागलं. बाजारात कोळणीसुद्धा तिला म्हणू लागल्या, बघ गो, पदर झटकून मगच हात लाव. मी हे लोकांच्या बोलण्यात ऐकायचो आणि आतल्या पाण्याला आणखी उकळी फुटायची.

दाजीही आले. मान खाली घालून आले, चुकलं म्हणाले. सगुणाने त्यांना इडली दिली, चटणी दिली. नुसता काजू दिला नाही. शेजारच्याच्या इडलीवर काजू, दाजींच्या इडलीवर नाही. आंब्याचा मोसम आला नि सरला, तरी त्यांना काजू मिळाला नाही. त्यांना कळत होतं. ते गुपचूप खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे.

रामा मात्र सुकत चालला होता. भाऊबीज आली आणि समोरच्या घरात त्याची बहीण होती. तो रस्ता ओलांडून गेला नाही आणि सगुणाने जा म्हटलं नाही. त्या दिवशी त्याने कोणालाच धड चहा दिला नाही. मीही पहिल्यांदा जरा अस्वस्थ झालो. माझं भांडण बकुळाशी होतं, या माणसाच्या उपाशी तोंडाशी नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, ऐन गर्दीच्या वेळी, समोरचं दार उघडलं आणि बकुळा रस्ता ओलांडून आली. बारीक झाली होती. गाडीपाशी येऊन ती रांगेत शेवटी उभी राहिली. रामाच्या हातातली किटली तशीच राहिली. सगुणाने वर बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बशी भरली.

बकुळाच्या मागून माणसं आली. सगुणाने त्यांना हाताने खूण करून पुढे बोलावलं. एक आला, त्याला दिली. कॉलेजची पोरं आली, त्यांना दिली. बकुळा एकेक पाऊल मागे सरकत राहिली. ऊन वर आलं, गाड्या सुटून गेल्या, तरी ती उभीच होती. मला आधी मजा वाटली, मग वाटेनाशी झाली. शेवटी गाडीपाशी तिच्याशिवाय कोणी उरलं नाही. भांड्याच्या कडेला थोडं पीठ राहिलं होतं. सगुणाने ते बोटाने गोळा करून एका खळग्यात घातलं आणि ताटली माझ्यात ठेवली.

ही इडली कोणासाठी आहे ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी बकुळाच्या विस्तवावर होतो, पण तिने माझ्यातलं कधी काही खाल्लं नव्हतं. सकाळी ती चहात बुडवून बेकरीचा कडक बटर खायची.

सगुणाने झाकण काढलं, इडली सोडवली, बशीत घातली, चटणी वाढली आणि बशी पुढे केली. बकुळाने ती घेतली आणि तिथेच रस्त्यावर उभं राहून खाल्ली. खाताना रडली नाही. बशी पुसून खाल्ली. मग ती रिकामी बशी कुठे ठेवावी ते तिला कळेना. रामाने पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतली.

"वहिनी," ती म्हणाली आणि थांबली.

सगुणा माझ्यातलं पाणी बघत होती. "उद्या ये हवं तर," ती म्हणाली. "उद्या पण शेवटीच मिळेल."

बकुळा दुसऱ्या दिवशी आली. अजूनही येते. अजूनही तिला शेवटी मिळते.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झालं, शेवटी टोपाने माफ केलं. नाही केलं. पण तिची इडली मी एकदाही कच्ची ठेवलेली नाही. मला तिच्याबद्दल एवढंच जमतं.

आम्हा भांड्यांना जपा. बूड कोरडं तापू देऊ नका, तारेने ओरबाडू नका, घासलं की पुसून पालथं घाला. हे सगळं तुमची आई सांगतेच. मी एकच जास्तीचं मागतो. आमच्यात जे नाही ते होतं असं कधी सांगू नका. कोणाच्या ताटात काही निघालं असं कोणी ओरडलं, तर तोंडातला घास थुंकण्याआधी जिने तो रांधला तिच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. त्या सकाळी एवढ्या गर्दीत एकाने जरी सगुणाकडे बघितलं असतं, तरी मला हा राग इतकी वर्षं उकळत ठेवावा लागला नसता.